थोरपण कोणाच्या वाट्याचे?

गेल्या वर्षीच्या माघातली गोष्ट. धर्माबादेपासून दोन कोसांवरच्या एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता आणि काल्याचे कीर्तन आमच्याकडे होते. कीर्तन आटोपले, दहीहंडी फुटली, लाह्यांचा प्रसाद वाटून झाला. मग रिवाजाप्रमाणे मंडळींनी देणगीदारांची यादी वाचावयास घेतली. अमक्याने तेलाचे डबे दिले, तमक्याने गव्हाची पोती दिली, एका अडत्याने मंडपाचा खर्च उचलला. नाव पुकारायचे, त्याने पुढे यायचे, आम्ही त्याच्या गळ्यात हार घालून हातात नारळ द्यायचा. शेवटी आमचेच नाव आले. आमच्याही गळ्यात हार पडला, आणि खरे सांगायचे तर तो पडताना आम्हांस बरे वाटले.

मंडपाच्या मागे चुलाणापाशी एक म्हातारी बसली होती. राखेवर उलटा तळहात धरून विस्तव राहिला आहे का, ते ती पाहत होती. सातही दिवस तिने पोळ्या लाटल्या होत्या. एरवी ती धर्माबादच्या बाजारात मिरचीचे देठ खुडायला जाते. धर्माबादची मिरची दूरदूरच्या मुलखात ठाऊक आहे. पण ती पोत्यात भरण्यापूर्वी जे हात देठ खुडतात त्या हातांची संध्याकाळी कशी आग होते, हे फार थोड्यांस ठाऊक. त्या बाईने सात दिवसांची मजुरी बुडवली होती. यादीत तिचे नाव नव्हते.

आमच्या शेजारी कॉलेजात शिकणारा एक मुलगा बसला होता. तो हळूच म्हणाला, “महाराज, पोती दिली त्यांची नावं झाली. पोळ्या लाटल्या तिचं काय?” आम्ही कीर्तनकाराच्या सवयीने सांगून टाकले, “बाळा, पांडुरंग सगळं पाहतो.” मुलगा गप्प बसला. उत्तर दिले खरे, पण ते आमच्याच घशात अडकून राहिले. पांडुरंग पाहतो यात शंका नाही. पण मुलाने पांडुरंगाने काय पाहिले ते विचारलेच नव्हते. आम्ही काय पाहिले नाही, ते तो विचारीत होता.

रात्री मुक्काम त्याच्याच घरी पडला. वद्यातली रात्र, चंद्र उशिरा उगवणारा. माळवदावर घोंगडी पांघरून बसलो होतो. मृग नक्षत्र डोक्यावरून थोडे पश्चिमेला कलले होते. मुलगा नांदेडास विज्ञान शिकतो. त्याने बोट दाखवून जे सांगावयास आरंभ केला, ते ऐकता ऐकता आमचा दुपारचा प्रश्न पुन्हा वर आला, आणि पुष्कळ मोठा होऊन आला. त्याने सांगितले ते, आणि पुढे आम्ही जाणत्यांस विचारून व वाचून पडताळले ते, वाचक माउलींपुढे ठेवतो.

मृग म्हटला की आपल्याला पाऊस आठवतो. गंमत अशी की जूनमध्ये आपण मृग निघाला म्हणतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून आकाशातला मृग तेव्हा दिसत नाही. आषाढीच्या वाटेवर तो कोणास दिसला नाही. माघी वारीला जाणारा मात्र तो रोज संध्याकाळी पाहतो. चार पायांचे चार तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि खाली डावीकडे झगझगणारा व्याध. त्या बाणाच्या खाली, दक्षिणेच्या अंगाला, नीट पाहिले तर एक धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नव्हे. वायू आणि धुळीचा तो अफाट मेघ आहे, आणि त्यात तारे जन्मास येत आहेत. आपल्यापासून तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर. प्रकाश वर्षभरात साडेनऊ लाख कोटी किलोमीटर चालतो. त्या चालीने तेथून निघालेला उजेड १,३०० वर्षांनी आपल्या माळवदावर पोहोचतो. म्हणजे त्या रात्री आम्ही पाहिला तो प्रकाश निघाला तेव्हा ज्ञानोबामाउलींच्या जन्मास (१२७५) साडेपाचशे वर्षे अवकाश होता.

त्या ठिपक्याच्या मध्यभागी चार प्रखर ताऱ्यांची चौकडी आहे. त्यांतला सर्वांत मोठा तारा आपल्या सूर्याच्या सुमारे तीसपट जड. सगळा मेघ उजळलेला दिसतो तो मुख्यतः त्याच्या तेजाने. पाहणारा म्हणतो, काय तेज! आम्हीही तेच म्हणालो. त्यावर मुलगा म्हणाला, “महाराज, खरी गंमत उजेडात नाही, त्याच्या मागच्या अंधारात आहे.” चौकडीच्या पाठीमागे दाट काळा मेघ आहे आणि नवे मोठे तारे त्याच्या पोटात वाढत आहेत. डोळ्यांना तेथे काहीच दिसत नाही, कारण धूळ प्रकाश गिळून टाकते.

मग जे दिसत नाही ते शास्त्रज्ञांनी पाहिले कसे? हे समजावून घेताना आम्हांस दुपारची म्हातारी आठवली. राखेखालचा विस्तव डोळ्यांना दिसत नाही, पण तळहाताला कळतो. धूळ प्रकाश गिळते, त्याने किंचित ऊबदार होते आणि ती ऊब बाहेर सोडते. ऊब म्हणायची ती तेथल्या मानाने. मेघाचा थंड भाग शून्याखाली अडीचशे अंशांहूनही गार असतो. इतकी मंद ऊब लांब लहरींनी बाहेर पडते. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या हिश्श्याएवढी. या लहरी त्याहून शेकडो पटींनी लांब, तरीही मिलिमीटरपेक्षा आखूड. म्हणून त्यांना उपमिलिमीटर लहरी म्हणतात. धुळीच्या कणांना त्या जुमानत नाहीत आणि आतली वार्ता घेऊन सरळ बाहेर येतात. त्यांची एकच वैरी आहे, ती म्हणजे आपल्या हवेतली वाफ. मृगाचा पाऊस देणारी हीच वाफ आकाशातल्या मृगाचे पोट आपल्यापासून झाकून ठेवते.

वाफेच्या वर जायचे तर दोन उपाय: उंच कोरड्या डोंगरावर चढा, नाही तर फुगा उडवा. फुग्याचा उपाय आपल्या दाराशी झाला आहे आणि तो सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादेस फुगे सोडण्याचे केंद्र आहे. १९८० नंतरच्या वर्षांत तेथून १०० सेंटिमीटर रुंद आरशाची दुर्बीण प्लास्टिकच्या प्रचंड फुग्याला टांगून सुमारे ३० किलोमीटर उंच नेण्यात येऊ लागली. मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढ्या लहरी ती पाही, आणि मोठे तारे जेथे जन्मतात असे कितीतरी मेघ तिने न्याहाळले. जपानी शास्त्रज्ञांचे यंत्र जोडून तिने मृगाच्या या मेघाचाही नकाशा काढला. तो २००३ साली प्रसिद्ध झाला.

आता गंमत पाहा. फुगा वर जातो तो हैदराबादेहून, पण दुर्बीण खाली उतरते ती वारा नेईल तेथे. मोठ्या रंगीत छत्रीला लोंबकळत ती कोणाच्याही रानात येऊन पडते. म्हणून उड्डाणाआधी वर्तमानपत्रांतून सूचना निघते, आणि ज्या जिल्ह्यांत यंत्र पडण्याचा संभव असतो त्यांची नावे तीत असतात. आमचा सीमेवरचा मुलूखही त्या टप्प्यात येतो. असे काही सापडल्यास उघडू नका, छेडू नका, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा टपाल कचेरीला कळवा. कळविणाऱ्यास योग्य बक्षीस मिळेल, असा तीतला मजकूर. म्हणजे मोठमोठ्या विद्वानांनी वर्षानुवर्षे खपून केलेले यंत्र पुन्हा उडायचे की नाही, हे शेवटी ठरणार कोणा ज्वारी राखणाऱ्या अनोळखी माणसाच्या सचोटीवर. त्याने पेटी फोडली, चकचकीत भाग काढून घरी नेले, तर त्याला अडवणारे शिवारात कोण आहे? विद्वानांच्या निबंधावर विद्वानांची नावे असतात. ज्याने पेटी न उघडता रात्रभर राखण केली त्याचे नाव तेथे असत नाही. आमच्या देणगीदारांच्या यादीला हसण्याचा अधिकार कोणाला आहे, असा चोरटा विचार आमच्या मनात येऊन गेला. पण दुसऱ्याच्या यादीत उणे दिसल्याने आपली यादी पुरी होत नाही.

असो. एका आरशाची दृष्टी मोठी असली तरी भरड. त्या दृष्टीला अंधारात एक गोळा दिसे आणि म्हणावे लागे की येथे एक मोठा तारा होत असावा. बारीक पाहायचे तर आरसा कोसभर रुंद हवा, आणि तसा तो कोण करणार? त्यावर तोड अशी निघाली की लहान लहान तबकड्या दूर दूर मांडायच्या आणि त्यांचे पाहणे एकत्र जुळवायचे. आपल्या महाराष्ट्रात जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत उभ्या आहेत, प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकाराने ते काम झाले. त्या तबकड्या मीटरभर लांबीच्या लहरी टिपतात. आपल्या आखूड लहरींसाठी मात्र डोंगरच गाठावा लागतो. हवाई बेटावर मौना केआ या पर्वतावर ६ मीटरच्या ८ तबकड्यांची अशी दुर्बीण २००३ साली सुरू झाली. पुढे दक्षिण अमेरिकेत चिली देशातल्या अटाकामा वाळवंटात, सुमारे ५,००० मीटर उंचीवर, ६६ तबकड्यांची आल्मा नावाची दुर्बीण उभी राहिली; तिचे उद्घाटन २०१३ साली झाले. तेथल्या तबकड्या १६ किलोमीटरांपर्यंत पांगवता येतात.

हे ऐकून आम्हांस दिंडीच आठवली. टाळकरी जितके दूर दूर उभे तितकी दृष्टी बारीक होते, पण अट एकच: ताल चुकता कामा नये. एका तबकडीचा ठेका निमिषाच्या कोट्यंशानेही चुकला तर चित्र विसकटले. आणि त्या ६६ जणींत विणेकरी कोण, असे विचाराल तर कोणीच नाही.

आता मुख्य गोष्ट. या बारीक दृष्टीने पाहिल्यावर काय दिसले? पहिले हे, की जो एक गोळा वाटत होता तो एक नव्हता. एका गोळ्यात पाच गाठी, दहा गाठी, क्वचित शंभरावर गाठी निघाल्या. मोठ्याच्या अवतीभोवती लहान किती दाटीने वाढत होते, ते भरड दृष्टीला कळलेच नव्हते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. तारा सूर्याच्या तीसपट, पन्नासपट मोठा होतो कसा, यावर विद्वानांत जुना वाद आहे. एक पक्ष म्हणे, ज्याचे त्याचे ताट आधीच वाढलेले असते; मोठी गाठ असेल तर तिचा मोठा तारा, लहान असेल तर लहान. दुसरा पक्ष म्हणे, नाही, पंगत सगळ्यांची एकच आहे. ज्याला मध्याचा पाट मिळाला त्याच्याकडे चहूंकडून वाढप येत राहते आणि तो मोठा होत जातो. पहिला पक्ष खरा असेल तर तारा पेटण्यापूर्वीच पुरेशी शिदोरी घेऊन बसलेल्या मोठ्या गाठी सापडायला हव्यात. आल्माने १२ थंड काळे मेघ न्याहाळले. २०१९ साली त्याचा निष्कर्ष आला. २९४ गाठी मोजल्या होत्या. त्यांत तारा पेटण्याआधी मोठ्या ताऱ्यापुरते द्रव्य जमवून बसलेली अशी गाठ एकही निघाली नाही.

मग मोठ्याकडे द्रव्य येते कोठून? याचे उत्तर एका मेघाच्या चित्रात फार स्पष्ट दिसते. हा मेघ दूर दक्षिणेच्या आकाशात, सुमारे ११,००० प्रकाशवर्षांवर आहे. उजेडाच्या पार्श्वभूमीवर तो काळ्या कोळ्यासारखा दिसतो: मध्ये पोट आणि चहूंकडे लांब पाय. २०१३ साली आल्माच्या दृष्टीने त्याचे जे वर्णन प्रसिद्ध झाले त्यात आढळले की ते पाय नुसते पाय नव्हेत, त्या धारा आहेत. साऱ्या मेघातले द्रव्य मध्याकडे सरकत आहे. मध्यावरच्या एका गाठीतच सूर्याच्या पाचशेपटींहून अधिक द्रव्य जमले आहे, आणि ओघ असा की दर चारशे वर्षांना आणखी एका सूर्याएवढी भर मध्यात पडते. तुकोबारायांचा जन्म १६०८ चा. तेव्हापासून आजपर्यंत एवढ्या काळात एक अख्खा सूर्य तेथे येऊन मिळाला म्हणा ना. अशा ठिकाणी पुढे सूर्याच्या शंभरपट तारा जन्मेल असा अंदाज आहे. आपल्या आकाशगंगेत दहा हजारांत एखादा तारा तेवढा होतो. आणि त्याहून बारीक दृष्टीने पाहिले तेव्हा ती मधली गाठही एकटी नाही, तिच्यातही अनेक आहेत, असे दिसून आले.

वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण आजवर जे दिसले त्यावरून मोठा तारा स्वतःच्या पुंजीवर मोठा होत नाही, सगळ्या मेघाच्या वाट्यातून मोठा होतो, असेच म्हणावे लागते.

येथे आणखी एक मौज आहे. तारा पेटून मोठा होऊ लागला की त्याचे तेजच येणाऱ्या धुळीला बाहेर ढकलू लागते. माझा उजेड एवढा, की मला काही द्यावयास येणारा जवळ येऊ शकत नाही! पुष्कळ वर्षे शास्त्रज्ञांना कोडे होते की मग हा याहून मोठा होतो तरी कसा. आता दिसते ते असे: द्रव्य कमरेभोवती चकतीसारखे गोल फिरत येते, आणि त्याच वेळी दोन्ही टोकांकडून वायूचे झोत बाहेर फेकले जातात. फिरणारे द्रव्य आपली फिरकी घेऊन आत पडू शकत नाही. ती फिरकी झोतांनी बाहेर नेली तरच ते आत उतरते. म्हणजे काही सोडल्यावाचून त्याला घेताही येत नाही. आणि एवढे घेऊन तो जगतो किती? आपला सूर्य एकंदर १,००० कोटी वर्षांचा. हे मोठे काही दशलक्ष वर्षांत सारे इंधन जाळून स्फोटाने फुटतात आणि पोटात घडलेले सगळे आकाशात उधळून देतात. आपल्या श्वासातला प्राणवायू बहुतेक अशाच ताऱ्यांच्या पोटात घडलेला आहे.

एवढे कळल्यावर आमच्यातला कीर्तनकार जागा झाला. मनात दृष्टांत जुळूही लागला: तारा सर्वांकडून घेतो, सर्वांना देतो, सज्जनहो, तुम्हीही तसेच करा. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या असत्या. पण मुलाने सहज विचारले, “महाराज, तारा देतो कुठं? तो तर फुटतो.” आम्ही निरुत्तर झालो, आणि पुष्कळ दिवस विचार केल्यावर आमचे मत असे झाले की पोराचेच बरोबर होते. ताऱ्याच्या घेण्यात हाव नाही, देण्यात दान नाही. मध्याचा पाट त्याला मिळाला, धारा त्याच्याकडे वळल्या. नको म्हणण्याची त्याला सोय नव्हती. ज्याला नको म्हणता येत नाही त्याच्यावर ऋण कसले? आपली गोदामाईच पाहा. त्र्यंबकेश्वरी पोराने उडी मारून ओलांडावी एवढी. नाथांच्या पैठणावरून, जनाबाईच्या गंगाखेडावरून, नांदेडावरून वाहत वाहत आमच्याकडे येते, आणि येथे सीमेवर कंदकुर्तीला मांजरा तिला मिळते तेव्हा केवढी होते! ते पाणी कोणाचे, असे गोदामाईला विचारून काय उपयोग? पण बाभळीच्या बंधाऱ्याला दारे आहेत. ती माणसाने बसवली, म्हणून ती कधी उघडायची हा प्रश्न माणसाचा झाला. दोन राज्ये त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत दारे उघडी ठेवावीत असा निकाल २०१३ साली झाला. नदीवर ऋण नाही, दारवाल्यावर आहे. आमच्या गळ्यातला हार आम्हांस काढता येत होता, यादी थांबवता येत होती. आकाशातल्या मोठ्याला जे जमणार नाही ते आम्हांस जमत होते आणि आम्ही केले नाही. आमचा दोष तो एवढाच, आणि तो पुरेसा आहे.

यावर एखादा भाविक म्हणेल, “बुवा, सेवा करणाराने नावाची अपेक्षा धरूच नये. म्हातारीचे नाव पुकारले तर तिच्या सेवेचे मोल उणे होईल.” हे आम्हीही कैक कीर्तनांतून सांगितले आहे. पण तोच न्याय पोतीवाल्यांस का लावीत नाही? आम्हांस का लावला नाही? निरपेक्षता चुलाणापाशी आणि हार मंडपात, अशी वाटणी संतांनी कोठे सांगितली आहे?

संतांची रीत पाहावयास आम्हांस दूर जावयास नको. नामदेवरायांचे नरसी आणि विसोबा खेचरांचे औंढा नागनाथ ही दोन्ही ठिकाणे आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातली. ज्यांच्या हातचा नैवेद्य देव जेवला, त्यांच्या डोक्यावर गोरोबाकाकांनी थापटणे मारून पाहिले आणि मडके कच्चे ठरवले. नामदेवराय रुसले, हे कथा लपवीत नाही, आणि म्हणूनच ती आम्हांस फार आवडते. तेज एवढे झाले होते की कोणी काही द्यावयास आला तर तोच मागे ढकलला जावा, अशी ती वेळ होती. तरी ते औंढ्यास गेले, पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या म्हाताऱ्यापुढे बसले आणि त्याच्याकडून घेतले. घेण्यासाठी वाकावे लागते हे त्यांनी स्वतःवर करून दाखविले. नंतर ते दूर पंजाबापर्यंत गेले. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहेबात आहेत, आणि ती आमच्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातही आदराने म्हटली जातात. शेवटी महाद्वारी जागा मागितली ती पायरीची.

आणि त्यांच्याच घरात दळणकांडण करणारी जनाबाई होती. तिचे अभंग राहिले, म्हणून तिचे नाव राहिले. त्या घरात, त्या आळीत, त्या वाळवंटात जात्यावर बसणाऱ्या आणखी किती असतील ज्यांचे अभंग राहिले नाहीत! आमची भरड दृष्टी तेथे एकच तेजाचा गोळा पाहते. बारीक पाहायचे तर टाळकऱ्यांना दूर पांगवून, प्रत्येकाचे पाहणे जुळवून पाहावे लागेल. ते आमच्याकडून अजून झालेले नाही.

सप्ताहानंतर आठ दिवसांनी आम्ही धर्माबादच्या बाजारात गेलो. मिरचीचे लाल ढीग, हवेत खकाणा, आम्हांस शिंकांवर शिंका. म्हातारी तोंडाला पदर बांधून देठ खुडत बसली होती. आम्ही म्हणालो, “माय, आमचं चुकलं. पुढच्या साली यादीत तुमचं नाव घालायचं म्हणतो.” तिने हात थांबवला नाही. म्हणाली, “नाव घेतल्यावर म्होरं यावं लागतंय नव्हं? मी म्होरं आले तर तव्यावरली पोळी कोन पाहील?” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “बाया कमी पडतेत, महाराज. नावाचं ऱ्हाऊ द्या. कोनी लाटू लागाया येतंय का तेवढं बघा.”

यंदाच्या माघात मंडळींनी यादी वाचली नाही. दोन देणगीदार रुसले आहेत, आणि एकाने पुढच्या वर्षी तेल देणार नसल्याचा निरोप धाडला आहे. त्याची समजूत कशी घालावी, यावर मंडळींत अजून एकमत नाही. काही जण म्हणतात यादी पुन्हा सुरू करावी आणि तीत सगळ्यांचीच नावे घालावीत, काही म्हणतात मुळीच नको. सहाव्या दिवशी सकाळी कीर्तन नव्हते, म्हणून आम्ही आणि तो मुलगा चुलाणापाशी पोळपाट घेऊन बसलो. त्याच्या पोळ्या बऱ्या झाल्या. आमच्या म्हातारीने उचलून पाहिल्या, काही न बोलता वेगळ्या टोपलीत ठेवल्या, आणि दुपारी त्या आमच्याच पानात वाढल्या.